माती खाली आणणारे खुळे

वैशाखाच्या उन्हात, पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना, जो माणूस माळवदावर चढून घमेल्या-घमेल्यानं माती खाली आणतो, त्याला आपल्याकडे खुळा म्हणतात. सोलापूर जिल्ह्यात पाऊस मुळात बेताचा, त्यातही सोलापूरकर पावसाची खरी वाट बघतो ती सप्टेंबरात. मग मे महिन्यात छपराची काळजी करणाऱ्याला लोक दुसरं काय म्हणणार? शहाणा माणूस घर गळायला लागलं की वर जातो, गळतं तिथं दोन पाट्या पांढरी माती टाकतो, धुमसानं ठोकतो आणि खाली येऊन चहा घेतो. त्याचं कौतुक करायला सगळी गल्ली आहे. मला बोलायचंय ते खुळ्याच्या बाजूनं, आणि अगदी मनापासून.

माळवद ही वाईट वस्तू नव्हे. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, वर तुळया, तुळयांवर सर, त्यावर फळ्या, फळ्यांवर लिंबाचा पाला आणि पाल्यावर पांढरी माती. बाहेर फुफाटा असताना आत गारवा, थंडीत ऊब. वर कडब्याच्या पेंढ्या रचता येतात, शेवया-कुरडया वाळवता येतात, उन्हाळ्यात अंथरूण टाकता येतं. कोरड्या मुलखात, हाताशी असलेल्या सामानातून घर कसं बांधावं याचं शहाणपण त्यात आहे. गडबड होते ती डागडुजीत. उन्हानं मातीला भेगा जातात, घुशी बिळं करतात, पावसात थोडी माती पन्हळीवाटे वाहून जाते. मग आजोबांनी दर खेपेला दोन बोटं माती टाकली, वडिलांनी दोन बोटं टाकली, नातवानं आणखी दोन. टाकली सगळ्यांनी, काढली कुणीच नाही. तीन पिढ्यांत वीतभर थराचा दीड-दोन फूट होतो आणि घरातल्या कुणाच्या ते लक्षातही येत नाही, कारण माळवद एका रात्रीत जाड होत नसतं.

खुळा माणूस इथं हिशेब मांडतो, आणि हिशेब मांडणं हेच त्याच्या खुळेपणाचं पहिलं लक्षण. एक घनमीटर माती साधारण सोळाशे-सतराशे किलो भरते. थर दोन फुटांचा असेल तर दर चौरस मीटरवर एक टन वजन आलं. दहा बाय बाराच्या खोलीवर अकरा टन. ते कोरड्या मातीचं. सलग चार दिवस झड लागली की माती पाणी पिते आणि वजन आणखी वाढतं. त्या खोलीत पाळणा टांगलेला असतो, म्हातारी माणसं झोपलेली असतात. शहाण्यांचं यावर उत्तर तयार असतं: ‘आजवर काही झालं नाही.’ हे उत्तर खरंच असतं, कारण ज्यांच्या घराचं काही झालं, ते उत्तर द्यायला चौकात येत नाहीत.

थंड प्रदेशातली माणसं या बाबतीत उघड खुळी आहेत. हिमाचलातल्या लाहौलमध्ये घरांची छपरं आपल्या माळवदासारखीच सपाट आणि मातीची. बर्फ पडून गेलं की घरटी एक माणूस फावडं घेऊन वर चढतो आणि बर्फ खाली ढकलतो. जपानच्या बर्फाळ भागात आता गावात म्हातारेच उरलेत, तरी तेही वर चढतात. दर हिवाळ्यात त्यातले काही घसरून पडतात, जीवही जातात, म्हणून एकट्यानं चढू नका, कमरेला दोर बांधा, असं तिथं परत परत बजावलं जातं. एवढा आटापिटा किती वजनासाठी? ताज्या भुसभुशीत बर्फाचं वजन घनमीटरला शंभर किलोच्या आसपास, दबून ओलं झालेल्याचं तीन-चारशे. म्हणजे दोन फूट ताजं बर्फ चौरस मीटरला साठ किलोच्या घरात, आणि दबलेलं असलं तरी दोन-अडीचशे. आपल्या दोन फूट मातीच्या मानानं ते चौथा हिस्सासुद्धा नाही. शिवाय त्यांचं बर्फ चैत्रात वितळून जातं. आपलं वितळत नाही.

त्यांच्याकडेही शहाणे होतेच. पोलंडमधल्या कातोवित्से शहरालगत २८ जानेवारी २००६ला प्रदर्शनाच्या एका भव्य दालनाचं छत कोसळलं. आत कबुतरांचं प्रदर्शन भरलं होतं. ६५ माणसं गेली. इमारतीच्या रचनेत दोष होते आणि छतावर साचलेलं बर्फ नीट काढलेलं नव्हतं. त्याच महिन्याच्या २ तारखेला जर्मनीतल्या बाड रायखेनहाल इथं बर्फावर घसरायच्या क्रीडागृहाचं छप्पर खाली आलं आणि १५ जण दगावले. हे दोन्ही देश अभियांत्रिकीत मागासलेले नाहीत. आकडेमोड सगळ्यांना येत होती. वर चढणारा खुळा मात्र वेळेवर मिळाला नाही.

आपल्याला यासाठी पोलंडपर्यंत जायची गरज नाही. सोलापूरच्या सात रस्ता चौकातून निघालं तर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली गावंच्या गावं काही क्षणांत आडवी झाली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. जखमींना घेऊन गाड्या सोलापूरच्या दवाखान्यांकडे धावत होत्या. सोलापूर जिल्ह्यातल्या घरांनाही धक्के बसले, भिंती फाटल्या. भूकंप ६.२चा होता, तो रोखणं कुणाच्याच हातात नव्हतं. पण मारलं कुणी? मातीच्या सांध्यातल्या गोल दगडांच्या जाड भिंती फुटल्या आणि डोक्यावरची दोन फूट माती खाली आली. कित्येकांच्या अंगावर दगड कमी आणि माती जास्त होती. त्याच गावांच्या कडेला कुडाच्या, गवताच्या, पत्र्याच्या हलक्या छपरांची घरं हलली, पण उभी राहिली. ज्यांना माळवद घालणं परवडलं नव्हतं, त्यांच्यापैकी पुष्कळजण वाचले. वाड्यांचा थाट ज्या जाडीवर मोजला जायचा, त्याच जाडीनं घात केला.

त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य सरकारनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवला, आणि जी घरं उभी राहिली होती त्यांच्या मजबुतीसाठी अभियंत्यांनी साध्या गोष्टी सांगितल्या. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे दगड बसवा. तुळई आणि खांबाच्या कोनात तिरके लाकडी टेकू द्या. आणि सगळ्यात आधी वरची माती उतरवून थर पातळ करा. या तिसऱ्या कामाला सिमेंट लागत नाही, लोखंड लागत नाही. टिकाव, खोरं, घमेलं आणि दोन माणसं लागतात. नेमकं तेच लोकांना जड गेलं. वापरात असलेल्या घरावरची बापजाद्यांनी टाकलेली माती खाली फेकायची म्हणजे चारचौघांत खुळं ठरायचं.

सरकारी रीतही शहाण्यांच्याच सोयीची आहे. ऑक्टोबर २०२०च्या अतिवृष्टीत सोलापूर जिल्ह्यात घरं पडली. सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदीला महापूर आला, तेव्हा पुन्हा पडली. घर पडलं की तलाठी येतात, पंचनामा होतो, पूर्ण पडझड की अंशतः हे लिहिलं जातं आणि मदत मंजूर होते. पडलेल्याला मदत मिळायलाच हवी, ती आणखी लवकर आणि आणखी जास्त मिळायला हवी. पण घर उभं असताना त्याच्यावरची दहा टन माती ज्यानं स्वतःच्या खर्चानं उतरवली, त्याच्या दारात कुणी कागद घेऊन येत नाही. त्याच्या घराचं काहीच झालेलं नसतं. न पडलेल्या घराचा पंचनामा कसा करायचा? असा खुळा कुठल्याच यादीत बसत नाही, आणि मला त्याचं मोठेपण तिथंच दिसतं.

सोलापूर शहरातल्या मंडळींना वाटेल की हे खेड्यातलं झालं, आपल्या डोक्यावर आरसीसीचा स्लॅब आहे. सात रस्त्यावर उभं राहून आजूबाजूच्या गच्च्या बघाव्यात. माळवदाची सवय आपण स्लॅबवर जशीच्या तशी नेली आहे. सोलापूरच्या उन्हात स्लॅब दिवसा तापतो, रात्री निवतो, फुगून-आकसून त्याला बारीक चिरा पडतात, आणि सप्टेंबरात बेडरूमच्या कोपऱ्यात ओल धरते. मग ठेकेदार येतो. विटांचे तुकडे आडवे-उभे रचून, सिमेंटमध्ये बसवून, वरून दोरीचे चौकोन मारलेला चार-पाच इंचांचा कोबा घालतो. आठ-दहा वर्षांनी तो गळतो. दुसरा ठेकेदार म्हणतो, ‘जुना फोडला तर मजुरी दुप्पट, राडारोडा टाकायचा कुठं? वरनंच मारू की.’ सोसायटीच्या बैठकीत माना डोलतात आणि कोब्यावर कोबा चढतो.

त्या बैठकीत एखादा निवृत्त ओव्हरसियर उभा राहतो आणि सगळ्यांचा चहा गार करतो. तो सांगतो की कोब्याचा एक थर चौरस मीटरला दोनशे किलोच्या पुढे जातो. वापराच्या गच्चीवर माणसं, सामान वगैरेंसाठी भारतीय मानक ८७५नुसार धरायचा भार दीडशे किलो असतो. म्हणजे दुसऱ्या कोब्यानं ती सगळी शिल्लक एकट्यानंच खाऊन टाकली, अजून कुणी गच्चीवर पाऊलही ठेवलेलं नाही. त्यावर हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, ती तुळईवर न ठेवता जागा दिसेल तिथं ठेवलेली. त्यावर पत्र्याचं शेड, कुंड्या, जुनी कपाटं. त्याच मानकाचा चौथा भाग बर्फाच्या भारासाठी आहे. सोलापूरचा अभियंता तो उघडत नाही आणि उघडायचं कारणही नाही. पण बर्फाच्या प्रदेशातल्या छपरावर ऋतू येईल तसं वजन चढतं आणि उतरतं. आपल्या गच्चीवर ते फक्त चढतं.

ओव्हरसियरचं ऐकून एका जागी जुना कोबा फोडला, तर काय दिसतं ते प्रत्येकानं एकदा जवळून बघावं. विटांच्या तुकड्यांखाली महिन्यांपूर्वीचं पाणी अडकलेलं असतं, त्याला गंजाचा तांबूस रंग आलेला असतो. खालच्या बाजूनं प्लास्टर ठोकून पाहिलं तर पोकळ वाजतं. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आतून काँक्रीट फोडतो, आणि त्याच्या खपल्या खाली पडायला लागतात. वरून कितीही थर मारले तरी ही सळई बरी होत नाही, उलट ओल आतच कोंडली जाते. म्हणून खुळा म्हणतो: आधी फोडा, चीर शोधा, सळई साफ करा, मग एकच थर नीट उतार देऊन घाला. त्याचा अंदाजखर्च जास्त असतो. ठराव बहुतेक वेळा त्याच्याविरुद्ध मंजूर होतो.

याच माणसाला संक्रांत झाल्यावर आणि पुन्हा मेमध्ये गच्चीवर वाकलेलं बघाल. तो पाइपांच्या तोंडात अडकलेला पतंगाचा मांजा, लिंबाची पानं, प्लास्टिकच्या पिशव्या काढत असतो. आभाळात ढग नसताना पन्हळी साफ करणं हे बघणाऱ्याला हास्यास्पदच वाटतं. पण सप्टेंबरात एखाद्या रात्री ढग फुटल्यासारखा कोसळला आणि पाइप तुंबलेले असले, की कठड्याच्या आत चार इंच पाणी साचतं. चार इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला शंभर किलो. मूठभर पानांनी एका तासात घरावर हिमालयातलं बर्फ आणून ठेवलं. ते हटवायला त्या अंधारात, विजा कडाडत असताना कुणी वर जाऊ नये. मेमधली दहा मिनिटं पुरतात.

खुळ्यांच्या या घराण्यातला सगळ्यात मोठा खुळा मात्र वेगळाच. झड लागल्याला तिसरा दिवस, भिंतीला नवी चीर, तुळईतून बारीक माती सांडायला लागलेली. अशा वेळी तो बायका-पोरांना आणि म्हातारीला उठवतो, रेशनकार्ड आणि बँकेचं पुस्तक पिशवीत घालतो आणि शाळेच्या व्हरांड्यात झोपायला नेतो. सकाळी घर जागच्या जागी असतं. लोक हसतात, म्हातारी बोलते. पुढच्या झडीला तो पुन्हा नेतो. घर नऊ वेळा उभं राहिलं म्हणून दहाव्यांदा आत झोपायचं धाडस त्याच्यात नाही. असा भित्रेपणा आपल्या सगळ्यांच्या अंगी यावा.

या उन्हाळ्यात एक दिवस वर चढा, पण सकाळच्या गारव्यात आणि जोडीला माणूस घेऊन. माळवद असेल तर कडेला टिकावानं एक भोक पाडून थराची जाडी मोजा. वीतभरापेक्षा फार जास्त असेल तर जाणत्याला विचारून, दोन्ही बाजूंनी सारखी माती उतरवत या; एकाच बाजूनं उतरवली तर भिंत कलते. तुळईची टोकं जिथं भिंतीत शिरतात तिथं वाळवी बघा, कारण लाकूड आधी तिथंच पोखरलं जातं. स्लॅब असेल तर नवा थर घालण्याआधी जुना फोडायला लावा, टाकी तुळईवर सरकवा, पाइपांची तोंडं मोकळी करा. खालून कुणीतरी विचारेल, ‘काय हो, ऊन लागलं का?’ त्याला वर बोलवा आणि त्याच्याही हातात एक घमेलं द्या.