देवमाशाचं अतिक्रमण

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही, ही उणीव आजवर कुणाच्या लक्षात आलेली नव्हती. रस्ता, पाणी, वीज, जादा गाडी अशा मागण्यांसाठी आमच्याकडे रीतसर उपोषणं होतात. समुद्र मागायला कुणी मांडव घातल्याचं ऐकिवात नाही. समुद्राशी आमचा अधिकृत संबंध एवढाच, की रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती वाचायला गाडी लेट असावी लागते, म्हणजे सहसा वाचून होते.

झरी गावच्या शाळेतल्या मुलांना शनिवारी चित्रांतून समुद्राचं विज्ञान शिकवायचं, असं मी जाहीर केलं तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "तुम्हाला पोहता तरी येतं का?"

मला मात्र भक्कम आधार होता. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण उगाच म्हणत नाही. एर्न्स्ट हेकेल हा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ येना विद्यापीठात शिकवायचा आणि समुद्री जीवांची अशी चित्रं काढायचा की शास्त्रज्ञांबरोबर नक्षीकामवालेही त्याच्या पुस्तकावर तुटून पडले. १८९९ ते १९०४ या काळात त्याचे शंभर चित्रफलक प्रसिद्ध झाले. १८८१ साली सिलोनला जाताना तो मुंबईतही उतरला होता. परभणीकडे फिरकला नाही, पण तेव्हा आमच्याकडे रेल्वेच यायची होती, म्हणून माफ. एका जेलीफिशला त्यानं आपल्या दिवंगत बायकोचं नाव दिलं. त्या जेलीफिशचे लांब तंतू पाहून त्याला तिचे केस आठवले. हा किस्सा मी घरी अजून सांगितलेला नाही.

सुरुवातीला म्हटलं, लेकरांनो, समुद्र रंगवा. सगळ्यांनी कॅलेंडरातला निळाशार समुद्र काढला. सहावीतल्या एका मुलीनं तपकिरी. मी कारण विचारलं.

"सर, आपली गोदावरी समुद्रालाच जाती ना?"

"जाते."

"मग पुरात गंगाखेडला पाणी कसं दिसतंय, बघितलं का तुम्ही? थितं जाऊन ते निळं कामून होईल?"

आता हिला काय सांगणार? पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा रंग आधी शोषून घेतं, निळा खोलवर जातो, म्हणून स्वच्छ खोल समुद्र निळा दिसतो, हे मी सांगितलं. पण गोदावरी आंध्रात जिथं बंगालच्या उपसागराला मिळते, तिथं पावसाळ्यात समुद्र गाळानं तपकिरीच असतो. म्हणजे पोरीचं चित्र शास्त्राला धरून होतं. ज्या वीतभर मातीपायी बांधावर भाऊबंदांची डोकी फुटतात, ती माती दरसाल कुणाला न विचारता आंध्राकडे रवाना होते, ही माहिती वर्गात फार गंभीरपणे ऐकली गेली. दोघांनी घरी जाऊन सांगितलीही. त्यांच्या घरी तेव्हा बांधाची केस चालू होती, हे मला मागाहून कळलं.

मग खोल समुद्र. दोनशे मीटरच्या खाली उजेड झपाट्यानं संपत जातो आणि हजार मीटरच्या पुढे सूर्याचा काही संबंधच उरत नाही, म्हणून काळा कागद आणि मेणखडू. डोक्यावर दिवा मिरवणारा अँगलरफिश काढून दाखवला. कोकणातल्या पोरांना त्याची गंमत वाटली असती. आमच्या पोरांना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

"आमचे पप्पा बी रातच्याला लाइट आली की बॅटरी बांधूनच मोटार चालू करायला जातेत."

"पण सर, ह्याच्या बॅटरीत सेल कोण टाकतंय?"

मी सांगितलं की हा उजेड माशाचा स्वतःचा नव्हे. त्या दिव्यात जीवाणू राहतात, उजेड ते पाडतात आणि बदल्यात त्यांना राहायला जागा न् खायला अन्न मिळतं.

"म्हंजी सालगडी ठिवलेत म्हणा की!"

सहजीवनाची व्याख्या मी फळ्यावर अर्धी लिहिली होती, ती पुसली. हा दिवा फक्त मादीला असतो. नराची हकीकत मात्र मी गाळली: काही जातींत तो चिमुकला असतो, मादीला चावून कायमचा चिकटतो आणि तिच्याच रक्तावर जगतो. ती सांगितली असती तर तास घरजावयांवर घसरला असता.

एका चित्राला खडेमीठ लागत होतं. ओल्या निळ्या रंगावर मिठाचा खडा टाकला की तो भोवतालचं पाणी ओढून घेतो, पाण्याबरोबर रंगही सरकतो आणि वाळल्यावर मीठ झटकलं की खाली फिकट चांदण्या उरतात. मीठ मागायला खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे गेलो. त्यांनी मूठभर दिलं, पण दोनदा मोजल्यासारखं बघून. मी म्हटलं, "मावशी, हे मीठ मुळात खाऱ्या पाण्यातलंच. आपण त्याला परत समुद्रात सोडतोय."

"सोडा. पर तास झाल्यावर झटकून मला आणून द्या."

शेवटी निळा देवमासा, खऱ्या मापाचा. तीस मीटर! पोरांनी घरून कासरे आणले, गाठी मारून लांबी मोजली आणि मैदानावर फक्कीची रेघ ओढायला घेतली. डोकं झेंड्याच्या चौथऱ्यापाशी ठेवलं, तरी शेपूट फाटकाबाहेर रस्त्यावर गेलं आणि रेघ थेट चहाच्या टपरीखाली शिरली.

टपरीवाले धावतच आले. "सर, नोटीस न देता?"

"कशाची नोटीस?"

"रुंदीकरणाची! आखणी करायलाव ना? माझं सगळं जायलंय का अर्धं?"

"काका, फकस्त शेपूट हाय," एक पोरगं म्हणालं.

ते रेघेच्या कडेनं चालत पार डोक्यापर्यंत जाऊन आले. मग हलक्या आवाजात विचारलं, "हे खातंय काय?"

"क्रिल. सुकटीसारखे दिसणारे बारके जीव. रोज कित्येक टन."

"सुकटीवर एवढं धूड!" आठवडी बाजारातला सुकटीचा भाव त्यांना पाठ असावा, बराच वेळ हिशेब चालला. "ऱ्हाऊ द्या मग. पर शेपूट जरा आत घ्या, गिऱ्हाइकाला उभं ऱ्हायला जागा लागती."

मी फक्की घेऊन शेपूट डावीकडे वळवायला वाकलो, तर तपकिरी समुद्रवाली आडवी आली. "सर, माशाचं शेपूट आडवं हालतंय आन् देवमाशाचं वर-खाली, तुम्हीच सांगितलं. बाजूला वळवलं तर त्यो मासा होईल."

बिनतोड मुद्दा होता. टपरीवाल्यांनाही पटला. टपरीला चाकं होती. आठ-दहा पोरांनी हातभार लावला आणि पोलीस बंदोबस्ताशिवाय, स्थगितीशिवाय ती चार हात मागे सरकली.

चहा पिऊन होईतो पलीकडचे सलूनवाले येऊन उभे राहिले. पुढच्या शनिवारी त्यांच्या बाजूला काय काढणार आहोत आणि ते किती मीटरचं आहे, हे त्यांना आजच लेखी हवं होतं.