साखळी ओढू नका

डोंबिवलीत थंडी पडते ती वर्तमानपत्रात. आमच्या घरी ती डिसेंबरच्या अखेरीस पहाटे चार ते सहा या वेळात येऊन जाते, पंखा तीनवरून दोनवर येतो आणि हिवाळा आटोपतो. अशा गावात मी गेली 22 वर्षं लोकरीचं विणकाम करते आहे.

विणणं अवघड नाहीच. दोन सुलट, दोन उलट कुणालाही जमतं. अवघड असतं ते झालेला माल खपवणं. नवऱ्याचे तीन स्वेटर झाले. चौथ्यासाठी टेप काढली तर तो घाईघाईने दूध आणायला गेला. फ्रीजमध्ये दोन पिशव्या होत्या. मग उरली तान्ही बाळं. बाळाला ‘नको’ म्हणता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. नात्यात कुणाला दिवस गेल्याचं कळलं की मी आधी लोकरीच्या दुकानात जाते आणि मग अभिनंदनाचा फोन करते. एकदा एप्रिलमध्ये एका बारशाला गेले, तर पाळण्यात बाळ नुसतं लंगोटावर आणि बाळंतविड्यातलं माझं टोपरं दुधाच्या बाटलीवर. “बाटली छान गरम राहते हो,” बाळाची आजी कौतुकाने म्हणाली.

विणायला वेळ मिळतो तो गाडीतच. लेडीज डब्यात कुणी गवार मोडत असतं, कुणी स्तोत्र पुटपुटत असतं, तशी मी विणत असते. पण सुया म्हटल्या की कोपरं हलतात. सुयांच्या नंबरांचाही कारभार उलटा. जुन्या विलायती मोजणीत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते: 8 नंबरची 4 मिलीमीटर, तर 10 नंबरची सव्वातीन. शेजारणीच्या बरगडीला मात्र कुठलाही नंबर चालतो. तिसऱ्या तक्रारीनंतर मी निमूट क्रोशावर आले. सुई एकच, टोकाला आकडी आणि कोपर अंगाशी.

माझ्या बाकावर चौथ्या सीटवर, म्हणजे एक मांडी बाकावर आणि एक हवेत अशी बसणारी मुलगी एके दिवशी म्हणाली, “ताई, मला शिकवाल?” 22 वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे आपणहून काही मागत होतं. मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी सुई आणि गुंडा घेऊनच गाडीत चढले.

ठाणं सुटल्यावर तिची साखळी सैल पडायला लागली. “ओढ,” मी म्हटलं. “अगं, साखळी ओढ ना! जोरात!”

डबा एकदम गप्प. “कोण पडलं?” दारातून आवाज आला. एका मावशींनी वरच्या लाल हॅन्डलखालची पाटी मोठ्याने वाचली: 1000 रुपयांपर्यंत दंड, 1 वर्षापर्यंत कैद. मी सावरून घेत पुढचा टाका सांगितला, “आता दोन खांब सोड,” तर समोर उभ्या कॉलेजच्या पोरीने हातातला खांब आणखीच घट्ट धरला.

शिष्येचा उत्साह दांडगा होता. गोल रुमालाचा हिशेब तसा सरळ असतो. पहिल्या फेरीत 12 खांब, मग दर फेरीला 12 वाढवायचे: 24, 36, 48. कमी वाढवले की रुमालाची वाटी होते, जास्त वाढवले की कडेला झालर. हिने सढळ हाताने प्रत्येक खांबात दोन-दोन घातले. 12चे 24, 24चे 48, 48चे 96. आठवडाभरात रुमालाचा कोबी झाला. मी “उसव” म्हणणार, तेवढ्यात खिडकीशी बसणाऱ्या गणिताच्या बाईंनी पेपर तपासता तपासता हात वर केला. 1997 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या डाइना टाइमिना नावाच्या गणितज्ञ बाईंनी मुद्दाम असेच झालरीदार तुकडे क्रोशाने विणले होते म्हणे, हायपरबोलिक भूमिती विद्यार्थ्यांना हातात धरून बघता यावी म्हणून. कागदाचे नमुने फाटायचे, लोकरीचे टिकले. अशा पृष्ठभागावर एका रेषेला बाहेरच्या एकाच बिंदूतून कितीतरी रेषा जातात, ज्या तिला कधीच छेदत नाहीत. माझी समज फास्ट ट्रॅक आणि स्लो ट्रॅक एवढीच, त्यामुळे मी मान डोलावली. त्या दिवसापासून पोरीने काही उसवायचं म्हणून नाव काढलं नाही. चूक दाखवली की म्हणते, “ताई, भूमिती आहे ती.”

बघता बघता सातजणी झाल्या. त्यांच्याही घरी नवरे दूध आणायला जाऊ लागले असणार, कारण गेल्या मे महिन्यात माझ्या वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून विणलेली शाल गाडीतच माझ्या खांद्यांवर घातली. अस्सल लोकर, चारी बाजूंनी कोबी. डोक्यावरचा पंखा बंद होता. ‘नको’ मलाही म्हणता येईना. दादरपर्यंत मी ती अंगावर ठेवली, आणि पाळण्यातल्या त्या सगळ्या बाळांची मनातल्या मनात माफी मागितली.

घरी आल्यावर नवऱ्याने शाल उलटसुलट करून पाहिली. “माठाला गुंडाळ,” तो म्हणाला. “ओली ठेवली की पाणी गार राहील.”

दुसऱ्या दिवशी सातही जणींनी विचारलं, “ताई, शाल वापरता ना?”

“अगं, रोज,” मी म्हटलं.