सभ्य गाडीचं गिऱ्हाईक

गाडीवर पैसे उधळायच्या दोन तऱ्हा आहेत. एक सोसायटीच्या वॉचमनलाही दिसते: दारावर ज्वाळा, डिकीवर पंख, खाली निळा दिवा. दुसरी बायकोलाही दिसत नाही. मी दुसऱ्या पंथाचा. आमच्यात पैसे गेलेले कळतात, कुठं गेले ते कळत नाही. आम्ही ह्याला अभिरुची म्हणतो. घरात ह्याला काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

माझी गाडी फियाट लिनिया टी-जेट. फियाट म्हटलं की वडिलांच्या पिढीला कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी आठवायची. ही मात्र रांजणगावची. लोक ज्या गावाला महागणपतीच्या दर्शनाला जातात, तिथल्या एमआयडीसीत ही इटालियन बाई जन्मली. १३६८ सीसीचं पेट्रोल इंजिन, त्यावर टर्बो, ११४ पीएस, २०७ न्यूटन मीटर. २०१० साली ती आली तेव्हा लोकांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं, 'देते किती?' म्हणून विचारलं आणि डिझेल गाडी घेतली. मी ती घेतली, आणि मग तिला सुधारायला घेतलं.

म्हणजे काय केलं? इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलला, ज्याला रिमॅप म्हणतात: बूस्ट थोडा वाढवला, स्पार्कचं टायमिंग आणि पेट्रोलचं प्रमाण त्याला जुळवून घेतलं. पीएस दीडशेच्या घरात गेले. रुंद डाऊनपाइप आणि मोकळा श्वास घेणारा इनटेक बसवला, पण मागचा सायलेन्सर मूळचाच ठेवला, म्हणजे शेजारी झोपलेले राहतात. स्प्रिंगा इंचभर खाली घेतल्या. इंचभरच, कारण पुण्यातले स्पीडब्रेकर कुठल्याही आयआरसी कोडला न जुमानता मंडळाच्या कार्यकर्त्यांनी घातलेले असतात. ब्रेकचे पॅड आणि होस बदलले. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ती एका मध्यमवयीन माणसाची, थोडी जुनी, राखाडी सेडान. ह्या वाक्यासाठी मी किती पैसे मोजलेत ते फक्त फाइलीतल्या बिलांना ठाऊक.

आता अशी गाडी विकायची कशी? खर्च केला तो दिसू नये म्हणून, आणि विकताना किंमत मागायची ती न दिसणाऱ्या गोष्टींची!

जाहिरात दिल्यावर आधी एजंट आले. एजंट गाडी बघत नाही, मॉडेलचं साल बघतो आणि उसासा टाकतो. "साहेब, कंपनीच राहिली नाही मार्केटमध्ये," असं तो अशा सुरात म्हणतो की आपणच ती बुडवली. मग एक सद्गृहस्थ सहकुटुंब आले. त्यांनी मागची सीट, एसी, डिकी हे सगळं पसंत केलं, आणि मी मोठ्या उमेदीनं रिमॅपचं सांगितलं तेव्हा त्यांच्या पत्नीनं मुलाला गाडीतून खाली उतरवलं. त्यानंतर एक कोवळा तरुण आला. त्यानं ॲक्सिलरेटर दाबून सोडला आणि कान टवकारले. "फिस्स् होत नाही?" मी समजावलं, की गीअर बदलताना कोंडलेली हवा बाहेर फुस्कारत सोडायची गरज नसते, मूळ झडप ती गुपचूप परत इंजिनाच्या वाटेला लावते, आणि तेच बरं. त्याचा चेहरा पडला. "आणि सायलेन्सरमधून फटाके?" मी म्हटलं, बाळा, पोलीस बुलेटचे सायलेन्सर रोलरखाली घालतात, बातम्या वाचत जा. तो गेला तो बहुधा बुलेट बघायलाच.

आणि मग कोल्हापूरहून एकाचा फोन आला. पहिलंच वाक्य: "सर, टायमिंग बेल्ट कवा बदललाय? वॉटर पंपासकट का नुसता बेल्ट?"

मला गहिवरून आलं. इतक्या लोकांनी इतके प्रश्न विचारले, पण माझ्या गाडीच्या आतड्याची चौकशी करणारा हा पहिलाच. त्यानं बजावलं, "मी येईस्तोवर गाडी चालू करू नगा. थंडीच बघायची." आल्या आल्या नमस्कार करायच्या आधी त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला. मग नमस्कार केला.

त्यानं गाडी तपासली ते पाहण्यासारखं होतं. सतरंजी स्वतःची आणली होती. तिच्यावर उताणा पडून त्यानं डाऊनपाइपच्या वेल्डिंगवरून बॅटरी फिरवली, इंटरकूलरच्या नळ्या चिमटीत धरून पाहिल्या, ऑइल फिलरचं झाकण उघडून हुंगलं. शेवटी उठून गाडीच्या मागं गेला, बराच वेळ नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "विंचू न्हाई लावला?"

हे इतरांना कळायचं नाही. २०१५ मध्ये ह्याच घराण्यातलं इंजिन घालून १४५ बीएचपीची अबार्थ पुंटो आली. अबार्थचं चिन्ह विंचू, कारण संस्थापक कार्लो अबार्थ वृश्चिक राशीचा. तेव्हापासून आमच्यातल्या निम्म्या लोकांनी साध्या फियाटवर ऑनलाइन मागवलेले विंचू डकवले. मी म्हटलं, "गाडी अबार्थ नाही, तर विंचू कसा लावायचा?" त्यानं पुढं होऊन माझा हात हातात घेतला. दोन अनोळखी माणसांमध्ये इतका निखळ आदर मी सवाई गंधर्वच्या मांडवातच काय तो पाहिलाय.

चहाला वर नेलं. बायकोनं सहज विचारलं, "अहो, ते टर्बो म्हणजे नक्की काय असतं?" हा प्रश्न तिनं मलाही पूर्वी विचारला होता आणि मी स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूशीच्या १९०५ सालच्या पेटंटपासून सुरुवात केली होती. कोल्हापूरकर म्हणाला, "काकू, गुऱ्हाळात रस काढला की चिपाड उरतंय. ते वाळवून चुलीत घालत्यात आन् त्याच्यावरच रस उकळत्यात. तसंच हे. धूर वाया घालवायचा न्हाई, त्याच्यावर पंखा फिरवायचा, पंख्यानं इंजिनात जादा हवा कोंबायची." "अस्सं होय!" बायको म्हणाली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की संसारातली अनेक वर्षं एका कटाक्षात हिशेबाला आली.

चाचणीसाठी चांदणी चौकातून पिरंगुटकडे गेलो. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत त्यानं गाडी अडीच हजार आरपीएमच्या वर जाऊ दिली नाही. मी मनात त्याला तिथंच आरसी बुक दिलं. घाट लागला, तिसरा गीअर, बावीसशेपर्यंत काहीच घडलं नाही, आणि मग ते घडलं. मान सीटला टेकली. तो फक्त एवढंच म्हणाला, "आयला, काका!" सकाळपासूनचा 'सर' एका बूस्टमध्ये 'काका' झाला, प्रेम म्हणून घ्यायचं की वय म्हणून, हे अजून ठरलेलं नाही. परत आल्यावर चावी फिरवायच्या आधी तो घड्याळाकडे पाहत मिनिटभर थांबला, टर्बो तापलेला असताना आतलं तेल करपू नये म्हणून. नव्या गाड्यांना ह्याची तेवढी गरज नाही म्हणतात. संध्याकाळी दिव्याला नमस्कार करायचीही नसते.

इथवर सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. मग किमतीचा विषय निघाला.

समानधर्मी गिऱ्हाइकासारखं धोकादायक गिऱ्हाईक नाही. अडाण्याला आपली गाडी कळत नाही म्हणून तो पैसे देत नाही. जाणकाराला ती पुरेपूर कळते, म्हणून तो पैसे कापतो. "रिमॅप चांगलाय," तो म्हणाला, "पर ९५ ऑक्टेन घालाय लागंल, त्याचा खर्च धरा." स्प्रिंगा? "कोल्हापूरचे खड्डे बघितल्यात का? स्टॉक असत्या तर बरं झालं असतं." डाऊनपाइप? "पीयूसीला भांडण." इनटेक? "त्याचं काय, सर? शून्य धरा. खरं तर मला स्टॉकच पायजे होती." मी ज्याला अभिरुची समजत होतो त्याची एकेक ओळ तो वजाबाकीत मांडत होता, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. शिवाय त्यानं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढलं: कंपनीनं जशी नोंदवली त्यापेक्षा गाडीत फेरफार करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलंय. "मग घेतोस कशाला?" "आवडली की!" ह्यावर युक्तिवाद नसतो. मी तीन पंचवीस म्हणालो होतो, दोन साठला सौदा पटला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, बिलांची फाइल दिली, आणि माळ्यावरचं मूळ सामानाचं खोकंही: जुन्या स्प्रिंगा, जुना एअरबॉक्स, सगळं. अशी खोकी आमच्यात जपून ठेवतात.

फास्टॅग मात्र बंद करायचा राहिला. त्यामुळे त्याच दिवशी मोबाइलवर मेसेज येऊ लागले. खेड शिवापूर. आनेवाडी. तासवडे. किणी. पैसे माझे कटत होते, पण मी कागद-पेन्सिल घेऊन तासवडे ते किणी सरासरी वेग काढत बसलो होतो. अगदी सभ्य आकडा निघाला. पोरगा चांगला आहे, मी बायकोला म्हटलं. "टोलचे पैसे मागून घ्या," ती म्हणाली.

आता दारात नवी गाडी आहे: एक लिटरचं इंजिन, तीन सिलिंडर, उंच, पांढरी. तिलाही टर्बो आहे. चार मीटरच्या आतली लांबी आणि १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन असलं की कर कमी पडतो, म्हणून हल्ली भाजी आणायच्या गाडीलाही टर्बो येतो. तिच्यात मी काहीही बदलणार नाही, असं घरी कबूल केलंय.

परवा कोल्हापूरहून फोन आला. "काका, गाडी स्टॉकवर आणली बघा सगळी. स्प्रिंगा, एअरबॉक्स, रिमॅपबी काढला. आता माझ्या पद्धतीनं नवा मॅप मारणार हाय." मी गप्प. "तुमचा इनटेक काढून ठेवलाय. इथं दोघंजण मागं लागल्यात, पर म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. घरचा माणूस. बारा हजारला देतो."

"शून्य धरला होतास ना त्याचा?"

"ते घेताना, काका. वस्तू लई भारी हाय."

मी खिडकीतून खाली पांढऱ्या गाडीकडे बघितलं आणि आवाज जरा खाली आणला. "नव्या गाडीला बसेल का तो?"

"ब्रॅकेट करून देतो की!"

"दहा," मी म्हटलं. "खरं तर मला स्टॉकच ठेवायची होती."