दाताची आत्या

दुधाची दाढ काढायला डॉक्टरला अर्धा तास पुरतो. काढल्यानंतर पोराला सांभाळायला मात्र सांगलीहून आत्या यावी लागते. यावी लागते म्हणजे तिला कुणी बोलावत नाही. पोवई नाक्याजवळच्या दवाखान्यात भाच्याचं नाव लागल्याची बातमी तिला कुठून कळते, हे आम्हा सातारकरांना आजवर उमगलेलं नाही. पोरगं तोंडात कापूस धरून घरी पोचायच्या आत ही सोफ्यावर बसलेली असते.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. पूर्वी आत्या बारसं, लग्न आणि मयत एवढ्यालाच यायची. आता दाढेलाही येते. निर्णय घेताना सरकारनं भावांच्या घरांचा विचार केला नसावा.

तिची पिशवी बघण्यासारखी असते. वर भडंग, त्याखाली तासगावकडचा बेदाणा, तळाशी हळद आणि रुमालाच्या गाठीत लवंगा. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये आणि हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आत्या मात्र ते स्वतःलाच मिळाल्यासारखी वागते. चिकट बेदाणा दाढेच्या खाचेत बसला की तिथंच मुक्काम करतो, आणि त्याच्या साखरेवर कीड पोसते, हे तिला पटत नाही. ‘फळ हाय ते, फळानं दात किडतोय व्हय?’ साताऱ्याच्या घरात कंदी पेढ्यांचा पुडा आधीच असतो. त्यामुळे या दाढेचा निकाल दोन जिल्ह्यांनी मिळून लावलेला असतो, एवढं खरं.

पहिला तास वादात जातो. ‘दुधाचाच दात न्हवं? पडणारच हुता की. त्याला दवाखाना कशापायी?’ हा प्रश्न ती वहिनीला विचारते, भावाला कधीच नाही. वहिनी समजुतीनं सांगते, ‘वन्सं, पुढचे दात लवकर पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. वेळेआधी गेली तर शेजारचे दात सरकतात आणि खालच्या दाढेची वाट अडते. म्हणून डॉक्टर आता तारेची कडी बसवणार आहेत.’ यावर आत्या क्षणभर गप्प होते आणि म्हणते, ‘म्हंजे एसटीत रुमाल टाकून जागा धरत्यात तसं.’ इतकं नेमकं डॉक्टरलाही सांगता आलं नसतं. पण लगेच ती पोराचं तोंड उघडून सगळ्यात मागच्या दाढेवर बोट ठेवते. ‘मग ही बी पडंल की दुधाची.’ ती पडणार नसते. सहाव्या वर्षाच्या आसपास मागे गुपचूप उगवणारी ती दाढ पहिल्या दिवसापासून कायमची असते. दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष करणारी घरं साताऱ्यात आणि सांगलीत सारखीच आहेत, त्यासाठी आत्या असावीच लागते असं नाही.

नंतर डॉक्टरांनी दिलेला सूचनांचा कागद बाहेर येतो. आत्या चष्मा कपाळावर ढकलून तो हातभर लांब धरते आणि विधेयकाला दुरुस्त्या सुचवाव्यात तसं एकेक कलम घेते. कागद म्हणतो, कापूस अर्धा तास दाबून धरावा. ती दर दोन मिनिटांनी ‘आ कर बघू’ म्हणते. दाब सुटला की रक्त पुन्हा येतं. रक्त आलं की हिचं बघणं आणखी वाढतं. कागद म्हणतो, पहिले चोवीस तास थुंकू नये, जोरात चूळ भरू नये, कारण दाढेच्या जागी धरलेली रक्ताची गाठ निघून येते. आत्या बेसिनशी उभी राहून म्हणते, ‘थुक, थुक, सगळं नासकं रगत भाईर पडू दे.’ थेंबभर रक्त लाळेत मिसळलं की वाटीभर दिसतं, आणि ती वाटी घरभर दाखवली जाते. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करून मराठी नाटकाचा पाया घातला, त्या गावची ती आहे. ‘आरं देवा, कोंबडीएवढं पोर माजं’ ही ओळ ती अशा टिपेला नेते की वरच्या मजल्यावरचे भाडेकरू खाली येतात. जखमी पोरगं मात्र एवढा वेळ मजेत असतं. त्याला फक्त ओठ सापडत नसतो.

शहाळं ती येतानाच घेऊन आलेली असते, नळीसकट. नळीनं ओढलं की तोंडात जी खेच बसते, तिनंही गाठ हलते. वहिनी नळी काढून घेते आणि पाणी वाटीत ओतून थोडं थोडं पाजते. आत्याच्या मते हा शहाळ्याचा अपमान असतो.

खरी लढाई आईस्क्रीमवर होते. पोरगं इंजेक्शनला तयार झालेलं असतं तेच मुळी आईस्क्रीमच्या करारावर. डॉक्टरही म्हणालेले असतात, आज मऊ आणि गार द्या, गरम नको. आत्या म्हणते, ‘उघड्या जखमंवर गार? सर्दी हुईल, मग खोकंल, मग टाके तुटतील.’ टाके नसतात. शेवटी तह होतो. आईस्क्रीम द्यायचं, पण आधी ते स्टीलच्या वाटीत काढून ओट्यावर ‘निवत’ ठेवायचं. वीस मिनिटांनी पोराच्या हातात पातळ बासुंदी येते. त्याच्या चेहऱ्यावरचं दुःख दाढेचं आहे असं आत्या समजते आणि भडंगाची पुडी सोडते. ती पुडी घरातल्या मोठ्यांनी ताबडतोब खाऊन टाकावी. चुरमुऱ्याचा आणि शेंगदाण्याचा चुरा दाढेच्या खड्ड्यात शिरला की तो काढण्यासाठी पोराला पुन्हा दवाखान्याची पायरी चढावी लागते.

हळदीचा प्रसंग छोटा असतो. चमचाभर हळद दाढेच्या खड्ड्यात भरायचा तिचा बेत असतो, वहिनी आडवी येते आणि हळद संध्याकाळच्या आमटीत जाते.

गोळीचा प्रसंग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आत्याच्या बटव्यात आतोबांच्या हृदयाच्या गोळ्या असतात. रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन. दुखणं ते दुखणं, म्हणून ती अर्धी मोडून पोराला देऊ बघते. वाचकहो, लहान मुलाला ॲस्पिरिन देऊ नये. त्यानं रक्त थांबायला उशीर होतो, आणि क्वचित का होईना, मुलांच्या यकृताला आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम नावाचा गंभीर आजार त्याच्याशी जोडलेला आहे. दुखलं तर डॉक्टरनं पोराच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेलं पॅरासिटामॉल द्यायचं, तेवढंच. पोराच्या अंगलटीकडे बघून गोळीचा पाव, अर्धा ठरवायची आत्याची पद्धत बटव्यातच राहू द्यावी.

इतकं सगळं चुकीचं करणारी ही बाई मग घरात लागते कशाला, असं कुणीही विचारील. तिच्या भावानंही विचारलं होतं, हळू आवाजात.

त्याचं उत्तर ओठात आहे. खालची दाढ काढायला दिलेल्या भुलीनं ओठ, गाल आणि जीभ दोन-तीन तास बधिर राहतात. पोराला ओठ स्वतःचा वाटत नाही, आणि जी वस्तू आपली नाही ती चावून बघणं हा लहान मुलांचा हक्कच असतो. दुखत नाही, म्हणून ते चावत राहतं. भूल उतरते तेव्हा ओठ सुजून लोंबत असतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यावर पांढरा-पिवळा थर येतो, आणि पू झाला म्हणून घरचे पुन्हा दवाखान्यात धावतात. बहुतेक वेळा तो पू नसतो, तोंडातली जखम भरून येताना तशीच दिसते. पण होऊ द्यायचं कशाला? डॉक्टर म्हणतात, ‘लक्ष ठेवा.’ आई स्वयंपाकघरात असते, बापाचं लक्ष मोबाइलात.

आत्या समोर मांडी घालून बसते आणि महापूर सांगायला घेते. ऑगस्ट 2019 चा, सांगलीचा, आयर्विन पुलाचा. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका, आणि तिथून पुढे ती पाणी एकेक फूट चढवते. प्रत्येक फुटाला एक गल्ली बुडते, एक म्हैस गच्चीवर जाते, एक म्हातारी ‘मी न्हाई येत जा’ म्हणून चुलीपाशी बसून राहते. हरिपूरला जमिनीखाली पेवं असतात, खोल, त्यात हळद साठवायची, आणि 2005 च्या पुरात त्यातली कितीतरी कशी गेली, हे उपकथानक पन्नास फुटांच्या आसपास येतं. पोरगं जबडा सैल सोडून ऐकत असतं. बोट तोंडाकडे गेलं की आत्या गोष्ट न थांबवता ते बोट धरून खाली ठेवते. ओठ दाताखाली गेला की नुसती ‘ए’ म्हणते. पाणी सत्तावन्न फुटांवर पोचतं तेव्हा भूल उतरलेली असते, आणि ओठ साबूत असतो. डॉक्टरच्या कागदावरचं हे एकच कलम ती तंतोतंत पाळते, तेही न वाचता. आमच्या नात्यातल्या ज्या घरांना सांगलीची आत्या नाही, तिथली पोरं भूल दिल्यावर ओठ चावून सुजवून घेतात, हे आम्ही पाहिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा सुरू होतात. पोरगं शाळेत मित्रांना खड्डा दाखवायला निघून जातं. आत्या परतीच्या गाडीला लागते. जाताना गालाखाली लवंग धरलेली असते, कारण तिची स्वतःची दाढ गेली कित्येक वर्षं ठणकते आहे. रोज सकाळी ती मिश्री लावते, म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि त्यानंच दात टिकलेत असं सांगते. राहते त्या सांगलीत दंत महाविद्यालय आहे, वाटेत कराडला आणखी एक आहे, आणि ती दोन्हींवरून पुरेपूर माहितगार चेहऱ्यानं पुढे जाते. सातारा-सांगली गाडीत गालावर हात धरून शेजारच्या पोराला महापूर सांगणारी बाई दिसली, तर कृपा करून तिला कराडला उतरवा आणि तिथल्या दंत महाविद्यालयात नेऊन बसवा. आम्ही सांगून दमलो.