तुळईच्या आठवणी कशा कराव्यात

साहित्य : पाडलेल्या वाड्याची एक सागवानी तुळई, करवत, रंधा, लोहचुंबक, पॉलिश पेपर, अळशीचं तेल आणि रविवारी फोन बंद ठेवायची सोय.

सुरुवात कंत्राटदारापासून. जुनं सागवान वखारीत काय भावाने जातं ते त्याला तुमच्याआधी ठाऊक असतं. पहिला हातोडा पडण्यापूर्वी तुळई आपली, असं लिहून घ्या. आमची माजघरातली, ९ फुटी, ६ बाय ६ इंचांची. म्हणजे सव्वादोन घनफूट, वजन चाळीसेक किलो. लिफ्टमध्ये मावत नाही. कापून आणावी, तर काका म्हणतात, सगळ्यांच्या देखत कापायची.

मग खिळे. दर पिढीने कंदिलाला, कॅलेंडरला, गौरींच्या आराशीला ठोकलेले असतात. चुंबक फिरवून एकेक हुडका. एक जरी राहिला तरी रंध्याच्या पात्याला खांडा पडतो. सागवानात सिलिका असते, धार तशीही टिकत नाही. जुन्या ऑइलपेंटचे थर मात्र कोरडे घासू नका, त्यात शिसं असू शकतं. मास्क लावा. सागाचा भुसा नाकाला आणि कातडीला झोंबतो.

आता रंधा. पहिल्या दोन हातांत नुसती काजळी निघते. तिसऱ्या हाताला ढलपी वळत वर येते आणि खालून मधाच्या रंगाचं लाकूड दिसतं. वास चामड्याचा, नव्या चपलेसारखा. मी भारावून आत्याला हाक मारली. तिने वाकून वास घेतला आणि म्हणाली, "वाड्याला हा वास कधीच नव्हता रे. वाड्याला रॉकेलचा यायचा." म्हणून सांगतो, एक बाजू काळी ठेवा. चारही बाजू तासल्यात तर हातात येईल ते फर्निचरच्या दुकानातही मिळतं.

काय करावं? किल्ल्यांची खुंटी, देवापुढचा छोटा पाट. पेनस्टँड करू नका. पेनं कोण वापरतं? सागवान तेलकट असतं, म्हणून जोड चिकटवण्याआधी थिनरने पुसून घ्या, नाहीतर फेव्हिकॉलही हात टेकतो. अळशीच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, वाळताना तापून आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

राहिले वाटे. आमच्यात हक्कदार १९. करवतीची घट धरून प्रत्येकी साडेपाच इंच. इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण तुळईला झोपाळ्याच्या कड्यांची भोकं दोनच, आणि तुकडा हवा तो सगळ्यांना भोकाचाच. ज्यांनी झोपाळ्याला उभ्या जन्मात एकदा तेल घातलं नाही, त्यांनाही.

यावर उपाय आहे. १२ मिलिमीटरचं ड्रिल घ्या. खरं भोक एका अंगाने झिजलेलं असतं, तेवढं गोल कानशीने जमवा. आत निरांजनाची काजळी चोळा. धाकट्या काकांनी त्यांच्या तुकड्यात बोट घालून डोळे पुसले, तेव्हा काम साधल्याची खात्री पटली.

आमच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर विनंती एवढीच : भिंग घेऊन बसू नका. खरे दोन्ही तुकडे माझ्याकडे आहेत.