खोडरबरवाले भाऊ

पुणे-सातारा महामार्गावर खेड-शिवापूरचा टोलनाका मागे पडला की थोड्याच वेळात वरवे बुद्रुक येतं. अशा रस्त्यालगतच्या गावात एक पंक्चरवाला असतो, एक मिसळवाला असतो आणि एक कॉम्प्युटरवाले भाऊ असतात. पहिले दोघे पोटासाठी राबतात. भाऊ राबतात ते आपली मतं खरी ठरवण्यासाठी.

भाऊंना दुकान नाही. ओसरीवर एक टेबल, त्यावर त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर, तोही उघडा. "आत हवा खेळली पाहिजे," म्हणून त्याचं बाजूचं झाकण त्यांनी फार पूर्वीच काढलं. ते सध्या कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लागलं आहे.

सकाळीच कुणीतरी मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर कॅबिनेट धरून येतो.

"भाऊ, चालूच होईना."

"आवाज करतो का?"

"टूं टूं करतोय."

"मग जिवंत आहे. मुका असता तर काळजी होती."

भाऊ रॅमची पट्टी उपसतात, उजेडात धरतात आणि तिच्या कडेचे सोनेरी दात न्याहाळतात. बाजारात बैल घेताना त्यांचे आजोबा असेच दात बघत. मग खिशातून शाळेतला पांढरा खोडरबर निघतो. दातांवर दोन्ही बाजूंनी चार-चार हात, एक फुंकर, आणि पट्टी पुन्हा जागेवर. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या "टक टक" बसल्या की भाऊ बटण दाबतात. एकदाच आवाज येतो, पडदा उजळतो. मळलेल्या दातांमुळे रॅमचा संपर्क तुटला होता, एवढीच गोष्ट. फी म्हणून चहा, पण तो भाऊंच्याच घरचा.

चहासोबत मतं येतात. ब्रँडेड कॉम्प्युटर म्हणजे रेडिमेड शर्ट, असेंबल केलेला म्हणजे शिंप्याकडून मापाने शिवलेला. पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन चार दुकानं फिरल्याशिवाय जो भाग घेतला, तो भागच नव्हे. आणि पहिला पैसा प्रोसेसरला नाही, एसएमपीएसला. "लोक इंजिन विमानाचं घेतात आणि डिझेल भेसळीचं घालतात!" रात्री शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला दिवा मिणमिणतो, त्या वेळी बारा व्होल्ट नीट देतो तोच खरा एसएमपीएस.

कुणी नवी एक टीबीची हार्ड डिस्क आणून "यात तर ९३१ जीबीच दिसतंय, फसवलं," म्हणाला की भाऊंचा चेहरा खुलतो. फसवणूक नाही, मापांचं भांडण आहे. कंपनी हजाराने मोजते आणि एक लाख कोटी बाइट देते. विंडोज १०२४ ने मोजतं. बाइट तेवढेच, मापं दोन. "डेअरीत दूध घालतोस ना? मग तुला मी काय सांगायचं!"

सर्वांत मोठा राग रिफ्रेशवर. उजवी कळ दाबून पाच वेळा रिफ्रेश केलं की कॉम्प्युटर पळतो, ही समजूत सबंध तालुक्यात आहे. "अरे, त्याने पडद्यावरची चिन्हं फक्त पुन्हा काढली जातात. रॅम काय देव्हाऱ्यातला देव आहे, घंटा वाजवली की जागा व्हायला?" हे बोलता बोलता भाऊंचं स्वतःचं बोट तीनदा रिफ्रेश दाबून जातं. विचार करताना त्यांना ती सवयच आहे.

सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा सुवर्णकाळ २००१ ला एक्सपीने सुरू झाला. विस्टाचं नाव ते घरात काढू देत नाहीत. २०१२ च्या विंडोज ८ ने स्टार्टचं बटणच काढलं, तेव्हा "उंबरठा नसलेलं घर" असा शेरा मारून त्यांनी ते परत पाठवलं. मराठीच्या बाबतीत मात्र ते कर्मठ युनिकोडवाले. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली लग्नपत्रिका कुणी पेनड्राइव्हवर आणली आणि वधूच्या नावाच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसला की भाऊ समजावतात: त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांनाच देवनागरीचा अंगरखा चढवलेला असतो, फॉन्ट नसला की अंगरखा उतरतो. युनिकोडात 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे. मग इन्स्क्रिप्ट कळफलकाची शिकवणी सुरू होते: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. पत्रिकेचा मुहूर्त टळायची वेळ येते.

पुण्याचा अभिमानही भाऊंच्या खात्यावर जमा आहे. अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिला आणि पुण्यातल्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला, हे ते असं सांगतात की, ऐकणाऱ्याला वाटावं, खोडरबर यांचाच होता.

मग १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला. विंडोज १० चा नेहमीचा आधार त्या दिवशी थांबला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. भाऊंचा आय-फाइव्ह चौथ्या पिढीचा. "माझ्या घरात तीन पिढ्या सुखाने नांदतात, आणि याला आठवी पिढी लागते!" त्या रात्री त्यांनी लिनक्स मिंट घातलं. फुकट, हलकं, देखणं. फक्त प्रिंटर त्याच्याशी बोलेना. म्हणून जुनं विंडोजही शेजारी ठेवलं, नेट काढून. सातबाऱ्याची प्रत आता लिनक्सवर उतरवून घेतात आणि विंडोजवर छापतात.

एवढं करूनही पंखा फर्र फर्र वाजायला लागला. काकू म्हणाल्या, "अहो, नवा घ्या आता." भाऊंनी टॉर्च लावला, काकूंचा भुवयांचा चिमटा मागून घेतला आणि प्रोसेसरच्या पंख्यातून एक वाळकी पाकळी अलगद ओढून काढली. दसऱ्याला उघड्या कॅबिनेटवर त्यांनीच घातलेल्या झेंडूच्या हाराची होती ती. पंखा लगेच गप्प झाला.

"प्रोसेसर ठणठणीत आहे," भाऊ म्हणाले. "भक्ती आत गेली होती."

काकूंनी चिमटा परत मागितला. तोवर भाऊंनी तो खोडरबराशेजारी खिशात टाकला होता.