चाळीस पाव्हणे आणि एक वाडा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्या नातेवाइकांनी मिळून एखाद्या जुन्या वाड्यात चार दिवस राहायचं, ही कल्पना कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साधारण मार्चअखेरीस उगवते. ज्यांच्याकडे पैसा आहे आणि धीर नाही, त्यांनी इथेच थांबावं आणि सासवडजवळच्या जाधवगडावर जावं. पिलाजीराव जाधवांनी 1710 साली बांधलेल्या त्या गढीचं आता हॉटेल झालंय. तिथे फोनवर खोली ठरते, पोहायला तलाव आहे, आणि मुख्य म्हणजे सगळ्या किल्ल्या एकाच काउंटरवर असतात.

बाकीच्यांनी बीड-परळी रस्ता धरावा. तेलगाव मागे पडलं की माजलगाव तालुक्यातलं दिंद्रुड येतं. या पट्ट्यात दगडी जोतं, हातभर जाड मातीच्या भिंती आणि वर माळवद असे वाडे अजून उभे आहेत. काही पूर्ण, काही अर्धे, काहींचा नुसता दरवाजा. ते भाड्याने मिळतात का? मिळत नाहीत. मागावे लागतात.

पहिली पायरी, मालक शोधणे. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण्यांचं वतन अशा कुठल्यातरी जोरावर पूर्वी कुणीतरी हा वाडा बांधला. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी गेली, पुढे वतनं गेली, कूळ कायद्यात बरीचशी जमीन गेली. वाडा तेवढा राहिला, कारण त्यावर हक्क सांगायला कूळ नव्हतं, नुसते वारस होते. आता थोरल्या पातीकडे ओसरी, मधल्या पातीकडे माजघर आणि धाकट्या पातीकडे जिना आहे. जिना जिथे नेतो ती माडी मात्र थोरल्यांची. ढेलज आणि आड सामाईक. म्हणजे चाळीस माणसांना झोपायला एकाची परवानगी, चढायला दुसऱ्याची आणि पाणी प्यायला सगळ्यांची लागते.

सातबारा मागू नका, हसतील. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये असते आणि तिथे बहुधा अशा आजोबांचं नाव असतं ज्यांचा फोटो बैठकीत हार घालून लावलाय. विजेचं मीटरही त्यांच्याच नावावर. याच तालुक्यात गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीला यादव राजा रामचंद्रदेवाचा 1310 सालचा ताम्रपट सापडला. राजाने आपल्या पुरुषोत्तम नावाच्या मंत्र्याला गावं दिली, त्याचा तो दस्तऐवज. कोणी दिलं, कोणाला दिलं, काय दिलं, सगळं तांब्यावर कोरलेलं. त्यानंतर तालुक्यात इतका साफ कागद पुन्हा झाला असेल असं मला वाटत नाही.

दुसरी पायरी, भाडं ठरवणे. तुम्ही रकमेचा विषय काढलात की समोरचे आप्पा दुखावल्यासारखे बघतील आणि म्हणतील, "पैशाचं काय घेऊन बसले राव, तुम्ही या तर आधी." नवशिके इथे फसतात आणि वाडा फुकट मिळाला असं ग्रुपवर कळवून टाकतात. फुकट काही नसतं. आप्पांचा पुतण्या स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पुढची दोन वर्षं तो तुमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीलगतच्या खोलीत अभ्यास करील. शिवाय आप्पांच्या गुडघ्याला चांगला डॉक्टर तुम्ही बघायचा, अपॉइंटमेंट तुम्ही घ्यायची आणि स्टँडवर उतरवून घ्यायला तुम्हीच जायचं. हे सगळं जाधवगडाच्या दरपत्रकाशेजारी मांडून पाहा. जाधवगड स्वस्त पडतो.

लेखी करार हवाच, असं तुमच्यातला एखादा वकील जावई म्हणेल. ऑक्टोबर 2024 पासून शंभराचा बाँड चालत नाही, पाचशेचा घ्यावा लागतो. तो घ्या आणि कोराच घरी ठेवा. वाड्यात करार नेऊन दाखवलात तर सही कुणी करायची यावरून तीन पात्यांत नवं भांडण लागेल, आणि त्याचं कारण म्हणून तुमचं नाव गावात कायमचं राहील.

तिसरी पायरी न्यायप्रविष्ट आहे.

चौथी, वेळ. दिवाळीची सुट्टी डोक्यातून काढा. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे कारखान्यांवर निघतात. ज्याला वाडा झाडता येतो, सारवता येतो, ज्याला माळवदाची नस माहीत आहे, तो तेव्हा कुठल्यातरी फडात असतो. उन्हाळ्यात माणसं घरी असतात. पण सहा महिने दुसऱ्याचा ऊस तोडून आलेला माणूस तुमच्या बॅगा माडीवर चढवायला आतुर असेल अशा समजात राहू नका. मजुरी आधी ठरवा, बरी ठरवा, आणि अर्धी उचल म्हणून हातात द्या. या जिल्ह्यात उचल म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

उन्हाळ्यात लग्नसराई आडवी येते. गाद्या, पातेली, मंडप, आचारी, सगळं लग्नांनी अडवलेलं असतं. त्यावर उपाय पंचांगात आहे. अधिक महिन्यात लग्नं लागत नाहीत. 2026 साली अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन सुट्टीत. मंडपवाला रिकामा, आचारी रिकामा, भाव करायला तुम्ही मोकळे. हे ज्याला सुचलं तो स्वतःला हुशार समजतो. त्याला धोंड्याचा महिना आठवलेला नसतो. अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत इकडे कडक पाळतात. तुमच्या चाळीस माणसांत सगळ्या पिढ्यांचे मिळून नऊ दाजी निघाले, तर अनारसे होतात 297. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे असतात, पाणी रोज बदलायचं असतं. तुमचा मुक्काम चार दिवसांचा आहे. घटस्फोटाची बोलणी चाललेले दाजी धरायचे की नाही, ते आत्याबाईंना विचारा. मार्गदर्शकाने यात पडू नये.

आता छपराबद्दल, आणि हे मात्र गमतीत घेऊ नका. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर पसरलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात खाली गारवा राहतो, पण ते वजन प्रचंड असतं. पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकून पाणी वाहून जाईल असा उतार केला नाही, तर पाणी मुरतं आणि तुळईची टोकं भिंतीतल्या भिंतीत कुजतात. खालून काही दिसत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडे हजारो माणसं गेली. कित्येकांवर दगडमातीच्या भिंती आणि वरची ही मातीच कोसळली होती. त्यानंतर मराठवाड्यात कितीतरी लोकांनी माळवदाखाली झोपणं सोडलं. म्हणून गावातला जुना गवंडी आणा, त्याला टोकणीने तुळया तपासायला सांगा आणि तो ज्या खणाखाली उभा राहायला तयार नाही तिथे दोरी बांधून टाका. झोपायचं अंगणात. माळवदावर रात्री झोप फार छान लागते हे खरं, पण तिथे कठडा नसतो आणि तुमच्याकडचे निम्मे लोक झोपेत लोळतात.

पाणी. शहरी माणूस दिवसाला शंभर लिटर सहज उडवतो. चाळीस जणांचे चार हजार झाले. बारा हजार लिटरचा टँकर मागवलात तर तीन दिवस निभावतं. पण टँकर आल्यावर कळतं की तो ओतायचा कशात? गावात शेकडो लिटरच्या टाक्या असतात, हजारोंच्या नाहीत. त्याची सोय कोरड्या आडातच आहे. टँकर आडात रिकामा करतात आणि मग तेच पाणी पोहऱ्याने वर ओढून काढतात. पहिला दिवस मुलं आनंदाने ओढतात, फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी हात सोलवटतात आणि पाण्याचा खर्च आपोआप निम्म्यावर येतो. जलसाक्षरतेची शिबिरं घेणाऱ्यांनी याचा विचार करावा. संडास एकच असेल. पहाटे चारपासून रांग लावा, ज्येष्ठांना प्राधान्य. कूलर एकाच वेळी दोन चालवू नका, नाहीतर फ्यूज घालायला आजोबांना फोटोतून उतरावं लागेल.

विंचवांसाठी गादी झटकून घ्या, चपला उलट्या करून बघा. एवढं पुरे.

फिरायला जाण्याचा विषय दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढेलच. परळीला वैद्यनाथ, अंबाजोगाईला योगेश्वरी आणि मुकुंदराजांची समाधी, धारूरला 1567 सालचा आदिलशाही किल्ला. धारूरला भल्या पहाटे जा, नऊनंतर दगड बोलू लागतात. अधिकात पुरुषोत्तमपुरीला जायचा मोह होतो. पाण्यावर तरंगणाऱ्या विटांचं ते मंदिर बघण्यासारखं आहेच, पण त्या महिन्यात सगळा महाराष्ट्र तिथेच जातो. तुमच्या चाळिसातले तीन हरवतील. त्यातले दोन दाजी असतील, म्हणजे शोधावेच लागतील.

निघण्याच्या दिवशी अंगण झाडा, भांडी मोजून परत करा, आचाऱ्याचा हिशेब मिटवा. आप्पांशी भाड्याचा विषय पुन्हा काढू नका. पुतण्याची रेल्वेची तिकिटं आधीच निघालेली असतात. किल्ली ज्याच्याकडून घेतली त्याच्याच हातात द्या, तो शेतात गेला असेल तर शेतात जा. समोरच्या घरातल्या बाई फार अगत्याने म्हणतील, "द्या की इकडं, आम्ही देतो त्यांना." देऊ नका. ते घर धाकट्या पातीचं आहे, आणि तुम्ही किल्ली दिलीत ही गोष्ट पुढच्या तारखेला वाड्याचा ताबा मिळाल्याचा पुरावा म्हणून माजलगावच्या कोर्टात येईल, साक्षीदार म्हणून चाळीस नावांसकट.